पाण्याचा धडा

बजाजनगर,
१६ मे २०१९

प्रिय हेमचंद्र,

"पाण्याचा धडा कालिंदीकडं होता," असं तू सहा वर्षांपूर्वी सत्यभामा मावशीच्या अंगणात म्हणालास. मे महिना, भर दुपार, भोवती पंधरा-वीस माणसं. आवाज चढवला नाहीस, माझ्याकडं बघितलंही नाहीस. मावशीच्या बुंदीसाठी तू स्वतः खड्डा खणत होतास. कुणीतरी विचारलं, एवढं शिकवलेलं कुत्रं घोणशीच्या तोंडी गेलंच कसं? तेव्हा तू फावड्यावर हात टेकलेस, कपाळ पुसलंस आणि दमलेल्या सज्जन माणसासारखा एवढंच बोलून पुन्हा माती उपसायला लागलास. चार शब्द. मी बुंदीचं सुजलेलं तोंड ओल्या फडक्यानं पुसत बसले होते. माझा हात थांबला. तेवढ्यावरून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

वर 'प्रिय' लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. फोन केला असता तर तू उचलला नसतास, मेसेज केला असता तर अर्धा वाचून पुसला असतास. कागद फाडावा लागतो, आणि फाडण्याआधी माणूस तो वाचतोच.

आधी बातमी देते. ती देताना मला सुख होणार आहे आणि ते मी लपवणार नाही. शहरालगतच्या सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी जी नवी वसाहत झाली, तिथल्या चौदा कुत्र्यांना तू गेल्या वर्षी सापापासून लांब राहायला शिकवलंस. चौदा प्रमाणपत्रं, चौदा गळपट्ट्यांना तुझ्या श्वानशाळेच्या पितळी चकत्या. या उन्हाळ्यात त्यातली दोन कुत्री साप चावून गेली. वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब माझा पत्ता काढत बजाजनगरला आले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणं कंपन्यांच्या गेटवरची कुत्री शिकवता. आमची राहिलेली बारा तेवढी तपासून द्या. सर म्हणतात, त्या दोघांचं नशीब." मी विचारलं, कोण सर? त्यांनी तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, ऐकलंय कुठंतरी. खोटं बोलताना इतकं गोड मला कधी वाटलं नव्हतं.

परवाच्या रविवारी दुपारी चार वाजता मी गेले. जहांगीरभाईंनी आदल्या दिवशी घोणस पकडून वनखात्याच्या माणसांसमोर सोडली होती. तिची रिकामी पिशवी त्यांनी मला दिली, तशी ते आपल्याला पूर्वी देत असत. साप नाही, नुसता वास. ती आधी मोकळ्या मैदानात ठेवली. बाराच्या बारा कुत्री हुंगून मागं सरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आप्पासाहेब म्हणाले, "बघा, सरांचं काम चोख हाय." मी त्यांना म्हणू दिलं. मग तीच पिशवी उचलून टँकर उभा राहतो तिथं, ठिबकणाऱ्या तोटीखालच्या ओल्या मातीत ठेवली आणि कुत्र्यांना एकेक करून सोडायला सांगितलं.

नऊ गेली, हेमचंद्र. बारातली नऊ. वास आला तेव्हा दोन-तीन घुटमळली, पण पुढं पाणी होतं आणि बेचाळीस अंशांचं ऊन होतं. एकानं पिशवीवर पाय ठेवून पाणी चाटलं. एका घरचा जाडजूड लॅब्रॉडर तर गार लागलं म्हणून तिच्यावर बसलाच. त्याची मालकीण ओरडली, "अहो, हा बघा कुठं बसला!" कुणाला हसू आवरेना. आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे नळाखाली साप असला, तर आमची कुत्री त्याला भेटायला जाणार व्हय?" मी म्हटलं, हो, कारण त्यांना पाण्याचा धडा दिलेला नाही. हे वाक्य मी सहा वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. ते बाहेर पडलं तेव्हा मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हा धडा कुणाचा, ते तू विसरला असशील. दोन हजार बारा साली तू मोकळ्या जमिनीचा, दगडांचा, गवताचा आणि पायरीचा असे चार धडे देत होतास. मी तुझ्याकडं नुसती मदतीला आले होते. वासाजवळ कुत्रं गेलं की खड्यांचा डबा आपटायचा, दोरी मागं ओढायची, तीन पावलं मागं आलं की खाऊ द्यायचा. तुझा हात त्यात फार चांगला होता, हे आजही मान्य आहे. मग पाऊस आला नाही. पुंडलिकनगरात आपल्या गल्लीत एका कुलरखाली घोणस निघाली आणि तिथंच, आपण महिनाभर शिकवलेलं कुत्रं पाण्यासाठी नाक घालायला निघालं होतं. जहांगीरभाई तिला पिशवीत घालता घालता म्हणाले, "बाजी, पानी नहीं तो साप भी नल के नीचे, कुत्ता भी नल के नीचे. दोनों का क्या कसूर?" मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी तुला सांगितलं, तहानलेल्या कुत्र्याला आपण काहीच शिकवलेलं नाही.

मग मी तो धडा बसवला. कुत्रं जरा तहानलेलं हवं. ओलीत वास ठेवायचा, कुत्रं पुढं झालं की मागं घ्यायचं, आणि पाच अंक मोजायच्या आत त्याच्यासमोर पाण्याचं भांडं आणून ठेवायचं. पाच म्हणजे पाच. उशीर झाला की सगळं फुकट. सापाची भीती घालायला दोन दिवस पुरतात. पण तू मागं सर, पाणी तुझ्यापर्यंत येईल, हा भरवसा बसायला दहा दिवस लागतात, आणि रोज दोन बादल्या. दुष्काळात त्या दोन बादल्यांवरून आपण किती बोलणी खाल्ली! "माणसांना प्यायला नाय अन् तुम्ही कुत्र्याला सांडून दाखवता व्हय?" असं एक बाई रोज कंपाउंडवरून विचारायची. तू तिला म्हणालास, "काकू, तुमच्या अंघोळीचं द्या, कुत्रं नाव नाय ठेवणार." ती महिनाभर बोलली नाही. त्या महिन्यात मी तुझ्यावर फार प्रेम केलं. आपण लग्न करणार हे आपण कुणालाच सांगितलं नव्हतं आणि अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

मावशीला तर सगळ्यात आधी कळलं, जिला दिसत नव्हतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं हे तुला मी सांगायला नको. शाळेत तीस वर्षं कारकुनी केली, एकटीनं पैठण रस्त्याच्या बाजूला प्लॉट घेतला, तेव्हा तिथं नुसता माळ होता, आणि घर उभं राहीपर्यंत काचबिंदूनं डोळे नेले. भोवतीचा माळ खणून इमारती उठायला लागल्या तसे तिच्या अंगणात साप यायला लागले. मी म्हटलं, माझ्याकडं राहायला चल. ती म्हणाली, "सापांनी घर सोडलं म्हणून मीबी सोडू?" मग बुंदी आली. मावशी बुंदीच्या गळ्यातली दोरी धरून अंगणात हिंडायची. कुत्रं थांबलं की ती थांबायची, कुत्रं वळलं की वळायची. शेजारच्या बिल्किसला, जहांगीरभाईंच्या बायकोला, ती सांगायची, "देवानं डोळे नेले, मी नाक बाहेरून आणलं." म्हणजे इतरांच्या घरी कुत्र्याच्या जिवाचा प्रश्न होता, मावशीच्या घरी तिच्या पावलांचा. हे तुला माहीत होतं. तूच म्हणाला होतास, बुंदीचे पाचही धडे आपण घोटून घेऊ.

आता त्या शनिवारचं लिहिते. तू ते कधी बोलला नाहीस आणि मीही नाही. बुंदीचे चार धडे झाले होते. पाचवा सुरू करायचा होता आणि आठ दिवस टँकर आला नव्हता. मावशीचं पिंप कोरडं होतं, ती बिल्किसच्या घरून कळशीनं पाणी आणत होती. पाणीच नाही तर पाण्याचा धडा कुठला? पण रविवारी भोवतीच्या इमारती उठवणाऱ्या बिल्डरच्या हस्ते सतरा कुत्र्यांची प्रमाणपत्रं वाटायची होती, मांडव पडला होता, पेपरवाले यायचे होते. शनिवारी संध्याकाळी तू वही उघडलीस. बुंदीच्या पानावर पाचव्या धड्यापुढं 'झाला' लिहिलंस आणि सही केलीस. म्हणालास, "टँकर आला की देऊन टाकू गं, दहा दिवसांनी काय बिघडतंय." मंगळवारी टँकर आला. पिंप भरलं. पिंपाची तोटी कायमची गळकी. बुधवारी सकाळी त्या ओलीत घोणस येऊन बसली होती आणि बुंदी पाणी प्यायला गेली. मावशी दोन पावलं मागं होती. दोरी हिसकली म्हणून ती थांबली, एवढ्यानंच तिची आणि मरणाची गाठ चुकली.

ती वही माझ्याकडं आहे. तू शोधली असशील. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून माझे कपडे, डबे आणि खड्यांचे तीन डबे आणले, त्यात ती आणली. मला तेव्हाच कळलं होतं की एक दिवस ती मी वापरणार. आल्यापासून बजाजनगरात शिफ्टमधल्या कामगारांची गल्लीतली कुत्री शिकवली, मग एका कंपनीच्या गेटवरची, मग दुसऱ्या. तुझे बोर्ड मोठे होत गेले, चितेगावच्या अलीकडं तुझी श्वानशाळा झाली, मुलं तुझं नाव छातीवर छापलेले टी-शर्ट घालून हिंडायला लागली. मी प्रत्येक बोर्ड वाचला. कुणी म्हणालं, सरांची कुत्री कशी हुशार, की मी विचारायची, पाण्याजवळ नेऊन बघितली का? बस, एवढंच विचारायची. माझ्याकडं वेळ होता. असा राग रोज थोडा थोडा जेवत असतो, त्याला उपाशी ठेवलं नाही तर तो फार वर्षं जगतो.

येत्या सोमवारी समितीची बैठक आहे. माझा अहवाल तयार आहे. त्याला मी त्या पानाची प्रत जोडणार आहे, म्हणजे ही चूक या उन्हाळ्यातली नाही, जुनी सवय आहे, हे त्यांना दिसेल. शहरातल्या आणखी तीन वसाहतींची माणसं यायची आहेत. तुझ्या चकत्या गळपट्ट्यांवरून निघतील. हे मी थांबवणार नाही. तुझ्याकडून काही मिळालं म्हणून थांबवणार नाही आणि तू रडलास म्हणूनही नाही.

आता त्या पानाबद्दल राहिलेलं. तुझ्या सहीखाली दुसरी सही माझी आहे. आपला नियम होता, प्रत्येक धड्यापुढं दोघांची सही. तू वही माझ्याकडं सरकवलीस, पेनचं टोपणही काढून दिलंस. टँकर आला नव्हता हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. सकाळी मीच मावशीला फोनवर विचारलं होतं. मला आठवतं, तू नवा पांढरा शर्ट घातला होतास, रविवारसाठी घालून बघत होतास, आणि मला विचारत होतास, बरा दिसतो का? मी हो म्हणत सही केली. म्हणजे अंगणात तू बोललास ते खोटं होतं, पण पूर्ण खोटं असतं तर मी उठून उभी राहिले असते. माझा हात का थांबला, हे त्या पंधरा-वीस माणसांत फक्त तुला माहीत होतं. म्हणून तर तुला इतक्या शांतपणे बोलता आलं. सोमवारी दोन्ही सह्या सगळ्यांना दिसतील. कंपन्यांच्या गेटवरचं माझं कामही बहुतेक जाईल. जाऊ दे.

मावशीनं मला त्या दिवसापासून घरात घेतलं नाही. बुंदीचं तेरावं असावं तसं तेरा दिवसांनी मी गेले होते. दारातच म्हणाली, "कालिंदे, तुझं लक्ष कुठं होतं ते मला डोळे नसून दिसतंय. तू त्याच्याकडं बघत होतीस अन् माझं कुत्रं मेलं." तिला सही माहीत नव्हती, वही माहीत नव्हती, तरी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मी परत फिरले. तुझं मात्र तिथं येणं-जाणं राहिलं. तू खड्डा खणलास, दर दिवाळीला फराळ नेतोस, तिच्या डोळ्यांचे थेंब आणून देतोस. हे तू मनापासून करतोस की टोचणी लागते म्हणून, ते मी कधी ठरवू शकले नाही. मावशीला तुझ्याएवढा सज्जन माणूस दुसरा माहीत नाही.

आणि हे पत्र मी ज्यासाठी लिहायला बसले ते आता. मागच्या आठवड्यात बिल्किसचा फोन आला. म्हणाली, "बाजी, खालाने नया कुत्ता लिया, चांदी नाम है. हेमचंद्र सर ने सिखाया, सर्टिफिकेट भी दिया. मैं रोज़ देखती थी, पानी का कुछ नहीं किया. टँकर ही नहीं आया, तो करते कैसे?" प्रमाणपत्र मावशीनं काचेत घालून भिंतीला लावलंय आणि येता-जाता त्या काचेवरून हात फिरवते. चांदीची दोरी धरून ती पुन्हा अंगणभर हिंडते. पिंप तेच आहे. तोटी तशीच गळते. जहांगीरभाईंनी दोनदा तोटीला चिंधी बांधली, मावशीनं सोडून टाकली. म्हणाली, थेंबावर चिमण्या येतात. मी काल गेले होते. दार उघडलं नाही. बाहेर उभी राहून सगळं सांगितलं, टँकर, 'झाला', तुझी सही, माझी सही. ती आतून म्हणाली, "सहा वर्षांनी आठवलं व्हय? भांडलेली बाई काय पण बोलंल. हेमचंद्रानं सांगितलंय, कुत्रं पक्कं हाय. तो येऊन म्हणला तर मानीन." नंतर आतून चांदीच्या नखांचा आवाज आला आणि तिच्या चपलांचा, दोघी मागच्या अंगणात निघाल्या होत्या. मी आतलं काही बघू शकत नव्हते. बिल्किसनं गच्चीवरून बघून सांगितलं, की आज ओल रिकामी आहे. म्हणून तू जा. तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडानं सांग की बुंदीला पाण्याचा धडा दिला नव्हता आणि चांदीलाही दिला नाही, आणि कुत्र्यामागून पिंपाकडं जाऊ नका. माझं नाव घेऊ नकोस, कालिंदीला माफ करा असंही तिला म्हणू नकोस. सोमवारच्या आधी गेलास तर तुझाच तोटा आहे. ती हे बिल्किसला सांगेल, बिल्किस गल्लीला, आणि बैठकीत तुला 'कालिंदी जळते' असंही म्हणता येणार नाही. बदल्यात मी काहीही देणार नाही, अहवालातलं एक अक्षरही नाही. तू कशाला जाशील? मी तुझ्या जागी असते तर गेले नसते. तू जाणार नाहीस हे धरूनच मी उद्यापासून बिल्किसच्या गच्चीवर बसायचं ठरवलंय. तरी तुला मागते, हेमचंद्र. हे पत्र जहांगीरभाई आज रात्रीच तुझ्या हातात देतील. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, ती चांदीची दोरी हातात घेण्याआधी, मावशीकडं जा.

सवयीनं तुझीच,
कालिंदी